मशीन कोणाच्या नावावर, कोणाच्या हातात

(जिल्ह्यातल्या लहान उद्योग करणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



लाकडावर कोरीवकाम करणारं संगणकावरचं मशीन मी कसं घेतलं ते सांग, असं मला कळवलं होतं. यशोगाथा नको, हिशेब सांग, असंही कळवलं होतं. ते बरं झालं. कर्ज अजून फिटायचं आहे, तेव्हा यशोगाथेला वेळ आहे.

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं, रंगवलेले पाट, देव्हारे. आमचं घर वाडीपासून जवळच्या गावात, आणि घरचा धंदा हाच. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून अठरा वर्षं पॉलिश पेपर घेऊन घासत बसले. आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली: लाकूड निवडणं, कातणं, कोरणं पुरुषांचं, घासणं, अस्तर देणं, रंगवणं बायकांचं. कोरणाऱ्याला कारागीर म्हणायचं आणि घासणारी 'घरातलीच'. कारागिराला रोज मिळतो, घरातलीला जेवण मिळतं. पटाशी मी हातात घेतली की सासरे काही बोलत नसत, नुसती काढून घेत.

२०२१ नंतर कोल्हापूरकडून मशीनवर कापलेल्या जाळ्या आणि मखरांचे भाग आमच्या बाजारात यायला लागले. व्यापारी म्हणायला लागला, "कोरलेलं आणून देतो, तुम्ही फक्त घासून रंगवून द्या." म्हणजे कारागिराचं काम गेलं, आणि आमचं राहिलं तेही नगावर, आधीच्यापेक्षा कमी दराने. तेव्हा मला वाटलं, मशीन येणारच आहे. ते दुसऱ्याच्या शेडमध्ये येतं की आमच्या, एवढाच प्रश्न उरला आहे. गावातल्या आणखी चौघी घासणाऱ्या-रंगवणाऱ्या माझ्याबरोबर यायला तयार झाल्या.

आता मशीन म्हणजे काय, ते थोडक्यात. एक मोठं टेबल असतं. आमचं चार फूट बाय आठ फूट आहे. त्याच्यावर एक कमान पुढे-मागे जाते, कमानीवर एक मोटर डावी-उजवीकडे आणि वर-खाली जाते. मोटरला टूल लावलेलं, ते मिनिटाला अठरा हजार वेळा फिरतं. कुठे जायचं, किती खोल जायचं, हे संगणकावर केलेल्या फाईलमधून त्याला कळतं. बस. यात डोकं मशीनचं नाही, फाईलचं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैशाचं सांगते. आम्ही २०२३ साली पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं. ही योजना २००८ पासूनची. त्या वेळच्या नियमाप्रमाणे खुल्या गटातल्या पुरुषाने ग्रामीण भागात उद्योग काढला तर अनुदान २५ टक्के आणि पदरचे पैसे १० टक्के. बाईने काढला तर अनुदान ३५ टक्के आणि पदरचे ५ टक्के. आमचा प्रकल्प ९ लाखांचा. म्हणजे बाईच्या नावावर ९० हजार रुपये अनुदान जास्त, आणि पदरचे ९० हजारांऐवजी ४५ हजार. शिवाय आधीपासून चालू असलेल्या धंद्याला ही योजना लागू नव्हती, आणि नवरा-बायको मिळून एकालाच कर्ज मिळत होतं.

यातून काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. ज्या घरांत बायको बँकेची पायरी कधी चढली नव्हती, तिथे अचानक तिच्या नावाने उद्योग निघतो. अर्ज नवरा भरतो, ती सही करते, मशीन नवऱ्याच्या शेडमध्ये जातं आणि हप्ता थकला की नोटीस मात्र तिच्या नावाने येते. माझ्या ओळखीच्या तीन घरांत हे मी पाहिलं आहे. सवलत बायकांसाठी असणं चांगलंच. पण सवलतीचा कागद आणि मशीनची चावी एकाच हातात आहेत का, हे तपासायला कोणी येत नाही.

बँकेत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर काय करतात?" दुसरा प्रश्न, "मशीन कोण चालवणार?" मी म्हटलं, मी. ते हसले नाहीत, पण लिहूनही घेतलं नाही. मग नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा तारण म्हणून मागितला. दहा लाखांपर्यंतच्या लहान उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हा होता. मी तो छापून नेला होता, तो टेबलावर ठेवला. वाद घातला नाही. दोन फेऱ्या जास्त झाल्या, पण सातबारा द्यावा लागला नाही. सातबारा दिला असता तर शेड, मशीन, सगळ्यांतच "आमची जमीन अडकली आहे" हे वाक्य आयुष्यभर ऐकलं असतं. त्याच कारणाने शेडही घरची घेतली नाही, भाड्याची घेतली, करार लिहून. थ्री-फेज विजेचा अर्ज माझ्या नावाने, मालकाच्या संमतिपत्रासह.

९ लाखांत मशीन ५ लाख २० हजारांचं, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. म्हणजे ९३ हजार ६००. उरलेल्या पैशांत धूळ ओढणारं यंत्र, स्टॅबिलायझर, वायरिंग आणि अर्थिंग, संगणक, सॉफ्टवेअर, टूलं, वाहतूक. मशीन विकणारा फक्त मशीनचा आकडा सांगतो. बाकीचं आपण विचारल्याशिवाय निघत नाही. आणि अनुदान हातात मिळत नाही, हेही सांगून ठेवते. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून असतं, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि उद्योग चालू आहे असं दिसलं तरच ते कर्जातून वजा होतं. तोपर्यंत सगळा व्यवहार कर्जाचाच.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. ऑर्डरच्या कागदावरच लिहून घेतलं की, मशीन बसवल्यावर दोन स्त्रियांना तीन दिवस शिकवायचं, आमच्या शेडमध्ये, आमच्याच लाकडावर. आणि शेवटचे दहा टक्के पैसे बँकेने माझं पत्र आल्यावरच सोडायचे. विक्रेता म्हणाला, "ताई, एक मुलगा ठेवा ना ऑपरेटर, आम्ही त्याला तयार करून देतो." आमच्याच घरातून सूचना आली की पुतण्याला शिकवा, तो बारावी झालेला आहे. मुलगा गुणी आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण तो शिकला असता तर तो ऑपरेटर झाला असता आणि आम्ही पाचजणी पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसलो असतो, या वेळी आमच्याच कर्जावर.

मशीन आलं ते भर दुपारी. वजन टनाच्या आसपास. हायड्रा क्रेन बोलवावी लागली आणि वाडीतलं सगळं गाव गोळा झालं. एक आजोबा मला म्हणाले, "गो, ह्यां चलवतलो कोण?" मी म्हटलं, "मीच चलवतलंय." ते म्हणाले, "मगे घोव काय करतलो?" सगळे हसले. मीही हसले. उत्तर नव्हतं असं नाही, पण क्रेनवर मशीन लोंबत असताना वाद घालायचा नसतो.

बसवण्याचं काम बारीक आहे. खालचं काँक्रीट सपाट हवं, पाणसळ लावून चारही पाय एका पातळीत आणायचे. मग टेबलावर एम.डी.एफ.चा फळा बसवून मशीनकडूनच त्याचा वरचा पापुद्रा काढून घ्यायचा, म्हणजे फळा टूलच्या चालीला समांतर होतो. मग एक चौकोन कापायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर मशीन काटकोनात आहे. गुण्या लावून चौकट तपासणाऱ्या घरांत आम्ही वाढलेल्या, त्यामुळे हे आम्हांला समजावून सांगावं लागलं नाही. शिकवायला आलेला तंत्रज्ञ मात्र प्रत्येक उत्तर दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. शेवटी नवराच म्हणाला, "मी चहा सांगून येतो," आणि गेला तो संध्याकाळी आला. तेवढी समज त्याला आहे, म्हणून सांगते.

पहिला धडा आम्ही बंद करण्याचा घेतला. लाल बटण पाचहीजणींनी एकेकदा चालू मशीनवर दाबलं. मग टूल लाकडाच्या चार बोटं वरून नुसतं हवेत फिरवलं. मग लाकडाला लावलं. भीती जाण्यासाठी हा क्रम चांगला. भीतीचं एक वेगळंच गणित असतं: नवीन माणूस घाबरून मशीन हळू चालवतो, आणि हळू चालवलं की लाकूड जळतं. कारण टूल तर अठरा हजारांनी फिरतंच आहे. ते पुढे सरकलं नाही तर एकाच जागी घासत राहतं, तापतं, काळा डाग पडतो, धार जाते. दोन धारांचं टूल मिनिटाला तीन मीटर चाललं तर प्रत्येक धार साधारण मिलिमीटरचा बारावा हिस्सा लाकूड काढते. भुसा पिठासारखा पडला तर वेग वाढवायचा, छोट्या ढलप्या पडल्या तर बरोबर चाललं आहे. सागाने धार लवकर जाते, म्हणून टूल कार्बाइडचंच घ्यायचं.

कपड्यांचा प्रश्न मात्र तंत्रज्ञाच्या पुस्तकात नव्हता. इतक्या वेगाने फिरणाऱ्या टूलजवळ पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, लोंबतं मंगळसूत्र, काही चालत नाही. हातमोजेही चालत नाहीत, तेही ओढले जातात. आम्ही ठरवलं: साडी असो की पंजाबी ड्रेस, वरून गळ्यापर्यंत बंद अॅप्रन, केस बांधलेले, बांगड्या काढून डब्यात. बांगड्यांवरून दोन घरांत, आणि मंगळसूत्रावरून एका घरात आठवडाभर धुसफूस झाली. एकीची सासू शेडवर येऊन म्हणाली, "घोव जितो आसा, मगे गळो रिकामो कित्याक?" तिने शेवटी ते अॅप्रनच्या आत पिनेने अडकवलं, आम्हीही ते मान्य केलं. आमच्यातली एक विधवा आहे. ती म्हणाली, "माका बरा पडला, काढूक काय नाय." कोणाला काही बोलायला सुचलं नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यातल्या बाविसाव्या कलमात असं होतं की यंत्राला गती देणारे भाग चालू असताना ते साफ करणं, त्यांना तेल घालणं, जुळवणं हे काम बाईला आणि अल्पवयीनाला देऊ नये. आमच्यासारख्या पाचजणींच्या शेडला तो कायदा लागूच नव्हता, पण त्यातली विचारांची चाल बघा. चालू यंत्रात हात घालणं धोक्याचं आहे, तर ते पुरुषाने तरी का करावं? यंत्र थांबवा आणि मग तेल घाला. धोका तसाच ठेवून बाईला बाजूला केलं की तिचं संरक्षण झालं असं मानायचं, आणि पुढे "ह्या कामात बायका नसतातच" असंही म्हणायचं.

आणि ज्या कामात बायका होत्या तिथे संरक्षण कुठे होतं? लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केलं. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात येतो. त्यानंतरही कित्येक वर्षं मी तोंडाला पदर बांधून घासत होते. आमच्या शेडमध्ये सगळ्यात आधी जोडलं ते धूळ ओढणारं यंत्र, आणि हाताने घासायच्या टेबलालाही त्याची एक नळी नेली. विक्रेता म्हणत होता, त्याची गरज फक्त मशीनला.

आता फाईल. मशीनबरोबर विक्रेत्याने आर्टकॅम नावाचं सॉफ्टवेअर 'फुकट' देऊ केलं आणि एका पेनड्राइव्हवर हजारो गणपती, मोर, वेली. ऑटोडेस्क कंपनीने आर्टकॅम २०१८ मध्येच बंद केलं. तेव्हा हे फुकट म्हणजे चोरीची प्रत, हे उघड आहे. नैतिकतेचं सोडा, त्या प्रतीला बिल नाही, काही बिघडलं तर दाद नाही, आणि संगणकाचा पासवर्ड विक्रेत्याच्या माणसाकडे. आम्ही ६० हजारांच्या आतलं बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि रेखाटनासाठी इंकस्केप, ते खरोखरच मोफत असतं. पासवर्ड दोघींकडे, वहीत लिहून कुलपात.

आपल्या अभ्यासवर्गात एका मैत्रिणीने डेव्हिड नोबल यांच्या १९८४ सालच्या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यंत्र आपोआप चालवण्याच्या दोन पद्धती पुढे आल्या. एकीत निष्णात कामगार एक नग स्वतः करायचा, यंत्र त्याच्या हालचाली टिपून घ्यायचं आणि तशाच पुन्हा करायचं. दुसरीत कचेरीत बसलेला माणूस आकड्यांत सूचना लिहायचा. हवाई दलाचा पैसा दुसरीला मिळाला, १९५२ साली एम.आय.टी.त तिचं प्रात्यक्षिक झालं, आणि आज माझ्या शेडमध्ये आहे ती तिचीच नात. नोबल यांचं म्हणणं असं की, मालकांना कसब कामगाराच्या हातातून काढून घ्यायचं होतं, म्हणून ही निवड झाली. तेव्हा फाईल करणारी आणि मशीनसमोर उभी राहणारी वेगळ्या ठेवल्या की आमच्याकडेही एक कारकून आणि चार हमाल तयार होणार. म्हणून आम्ही पाळी लावली. प्रत्येकीने फाईलही करायची आणि भुसाही काढायचा. दोघींना संगणकाचा कंटाळा आहे, हेही खरं. त्यांना तीन-तीन आठवडे जास्त दिले. "बायकांना रांगोळी येते म्हणून नक्षी जमली" असं कौतुक होतं, ते मला पटत नाही. जमलं ते शिकायला वेळ दिला म्हणून.

वेळेवरून आठवलं. दीड फूट बाय दोन फुटांचा उठावाचा गणपती घ्या. जाड टूलने तासाभरात ओबडधोबड आकार निघतो. मग बारीक टोकाचं टूल ०.३ मिलिमीटर अंतरावर ओळी मारत जातं. साडेचारशे मिलिमीटर रुंदीत पंधराशे ओळी, प्रत्येक ओळ साठ सेंटिमीटर. सगळी मिळून नऊशे मीटर. मिनिटाला तीन मीटरने पाच तास. घरून लगेच निरोप येतो, "पाच तास मशीनच काम करणार, तर तेवढ्यात येऊन जेवण करून जा." नाही येता येत. क्लॅम्प सैल होतो, टूल तुटतं, भुशात ठिणगी पडली तर आग लागते. पावसाळ्यात वीज गेली की टूल लाकडात अडकलेलं राहतं. कंट्रोलर जागा लक्षात ठेवतो, तरी वीज आल्यावर शून्य बिंदू तपासून मगच पुढे जायचं. बघत उभं राहणं हे काम आहे, आणि त्याचे पैसे आम्ही धरतो. मूल सांभाळणं, भात उतू जाऊ नये म्हणून बघणं, हे जिथे कधी काम म्हणून मोजलं नाही, तिथे हे पटवायला वेळ लागणारच.

आमच्या हवेचं एक सांगते, कारण ते पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला ठाऊक नसतं. जून ते सप्टेंबर खालचा एम.डी.एफ. दमट होऊन फुगतो, त्याचा पापुद्रा पुन्हा पुन्हा काढावा लागतो. कोरलेली फळी वाकते. म्हणून मखराचं लाकूड मे महिन्यातच वाळवून, कापून ठेवायचं. मशीनचे रूळ रोज पुसून तेलाचा हात द्यायचा, नाहीतर चार दिवसांत गंज.

या सगळ्यात जे सुटलेलं नाही तेही सांगायला हवं. गावात हाताने जाळी कोरणारी दोन घरं होती. त्यांचं जाळीचं काम गेलं. कोल्हापूरच्या मशीनने अर्धं नेलं होतं, उरलेलं आम्ही नेलं. आमच्या मशीनचं टूल वरूनच उतरतं, त्यामुळे पाकळीच्या खालची पोकळी, सोंडेमागची खोबण त्याला काढता येत नाही. तेवढ्यासाठी माझे चुलत सासरे आठवड्यातून दोन दिवस येतात, रोजावर. आमच्यातल्या दोघी त्यांच्याकडे पटाशी धरायला शिकताहेत. आता ते काढून घेत नाहीत. पण दोन दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत, हे त्यांना कळतं आणि मलाही.

घासण्याच्या दरावर अजून भांडण चालू आहे. व्यापारी म्हणतो, मशीनचं काम गुळगुळीत येतं, दर अर्धा करा. आम्ही घड्याळ लावून मोजलं: सपाट भाग लवकर होतो, पण बारीक ओळी घालवायला पापणी-पापणीशी कागद न्यावा लागतो. आता आम्ही नगावर घेत नाही, तासावर घेतो. त्यात एक व्यापारी गेला. दुसरा राहिला, पण त्याला फाईल हवी आहे. म्हणतो, "वहिनी, पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे तुमचा त्रास वाचेल." आम्ही कापलेली फळी देतो, फाईल देत नाही. गेल्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं, पैसे वाढवून. पाचजणींत दोघींचं मत आहे की द्यावी, हप्ता निघेल. येत्या शनिवारी आम्ही त्यावर बसणार आहोत.

मशीन बघायला यायचं असेल तर पावसाआधी या. येताना ओढणी नीट बांधून या, आणि कोणी आपल्या घरी विचारलं की कोणाचं मशीन बघायला चाललीस, तर नवऱ्याचं नाव सांगू नका, तो पत्ता सापडत नाही.